पोपटी पट्टीची बाज

बाज माळ्यावरून उतरवताना तिचा एक पाय माझ्या कपाळावर आपटला. सुनंदा, म्हणजे माझी बायको, खाली स्टूल धरून उभी होती. तिनं विचारलं, "लागलं का?" मी म्हणालो, "बाजेला नाही लागलं." ही माझी जुनी खोड. काहीही झालं तरी आधी तोंडातून वाक्य बाहेर पडतं, दुखायला मागाहून लागतं.

बाज म्हणजे आता नुसता सांगाडा. चार पाय, दोन लांब दांडे, दोन आखूड. विणलेलं काहीच शिल्लक नाही. गॅलरीत नेऊन ओल्या फडक्यानं पुसायला बसलो. धूळ निघाली, कोळ्यांची जाळी निघाली, पण एका लांब दांड्यावर पोपटी रंगाचा थेंब चिकटला होता, तो काही निघेना. मेणबत्तीचा ओघळ थिजावा तसा. नखानं खरवडला, चमच्याच्या दांडीनं खरवडला. मग त्याच्यावर बोट ठेवून तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांनी त्याला वास यायचं काही कारण नव्हतं. पण आला.

मेघा, आमची मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी सुरतेला माहेरी आली आहे. आठवा महिना संपत आलाय. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय की धूर नको, निखारे नकोत, शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा. सुनंदानं ते मान्य केलं. फक्त म्हणाली, "निजायला मात्र बाज. गादीत बाळंतिणीची कंबर रुतते." आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाली, "नवार सुती आणा." चौटा बाजारात जाऊन मी बाज विणायची सुती नवार आणली. पांढरी, जाड, हाताला किंचित खरखरीत, खळीच्या वासाची. दुकानदारानं विचारलं, "काका, पलंग माटे?" मी म्हटलं, प्रायश्चित्तासाठी. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून बोललो.

या बाजेची एक गोष्ट आहे. आमच्या ओळखीत असा माणूस नसेल ज्यानं ती माझ्या तोंडून ऐकली नाही. पलसाण्याच्या मित्राकडच्या लग्नात सांगितली, कडोदऱ्याच्या चहाच्या टपरीवर सांगितली, मेघाच्या सासरी पहिल्या बैठकीला सांगितली. लहानपणी मेघा जेवत नसली की हीच गोष्ट लावून मी तिला भरवायचो. गोष्ट अशी: सुरतेतला एक अतिहुशार माणूस आपल्या बाळंतिणीसाठी बाज विणतो. कशानं? तर स्वतःच्या कारखान्यातून उचलून आणलेल्या, दप्तरांना लावायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं. तीही पोपटी. वर बाळंतीण, खाली शेगडी. इथं मी खिशातून रुमाल काढतो, दोघांना चार टोकं धरायला लावतो आणि मधे एक लाडू ठेवतो. रुमाल हळूहळू सैल सोडायचा. लाडू खाली खाली जातो. पट्टी वितळतेय, बाजेची झोळी होतेय, हुशार माणूस खाली गप्पा मारतोय. मग शेजारच्या ज्योत्स्नाबेन बादली घेऊन धावतात, निखाऱ्यांवर पाणी ओततात आणि राखेचा असा काही भपकारा उठतो की माझी आई, मी, ज्योत्स्नाबेन, तिघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. लोक इथं पोट धरून हसतात. गोष्ट राखेवर संपते.

लाडवाचं पुढं काय झालं, हे गोष्टीत येत नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नाही. मला ते माझं सांगण्याचं कसब वाटायचं.

तेव्हा आम्ही लिंबायतला राहायचो, वरच्या मजल्यावर, एका ओळीतल्या सहा खोल्यांपैकी चौथीत. खालच्या गाळ्यांत माग चालायचे. दिवसभर खटाखट, खटाखट. बोलायचं तर त्या आवाजाच्या फटींतून बोलायचं. जमिनीला कायम एक बारीक थरथर असायची, पितळी तांब्यातलं पाणी कधी स्थिर दिसायचं नाही. सुनंदाला पाचवा लागला तेव्हा तिनं एक शोध लावला. आठवड्याच्या सुट्टीला माग थांबले की पोटातलं बाळ जागं व्हायचं आणि लाथा मारायचं. "त्याला शांतता सोसत नाही," ती म्हणाली, आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला. माझ्या तळव्याखालून काहीतरी सरकलं, पाण्याखालून मासा जावा तसं. मी म्हणालो, "माझ्यावर गेलंय, हात पाय चालवल्याशिवाय जमत नाही." ती हसली. पण हात काढून घेतला तो मीच, कारण एवढं बोलल्यावर कुणाला तरी जाऊन सांगायची घाई होती.

मी कडोदऱ्याला पट्टी विणायच्या कारखान्यात मशीन फिटर होतो. घरी यायचो तो अंगावर तेलाचा, तापलेल्या प्लास्टिकचा आणि वाटेतल्या रंगकामाच्या मिलांचा वास घेऊन. तिसऱ्या महिन्यात सुनंदाला तो वास जिन्यावरूनच कळायचा. माझं पाऊल पडायच्या आधी मोरीत तिच्या ओकारीचा आवाज. मी शर्ट गॅलरीत काढून दोरीवर टाकायचो आणि उघडाच आत जायचो. कारखान्यात सांगायचो, "बायकोला माझा इतका वीट आलाय की मला बघितलं की ओकते." लोकांना आवडायचं. मग तिचे पाय सुजले. आधी संध्याकाळपुरते, मग सकाळीही. चपलेचे पट्टे पायात रुतून लाल वळ उठायचे, म्हणून ती माझ्या जुन्या स्लिपरा घालायची. जोडवी साबण लावून काढली, अंगठी साबणानंही निघाली नाही तेव्हा सोनाराकडून कापून घेतली. पोटावर बेंबीपासून खाली एक तपकिरी रेघ उमटली. तिच्या दोन्ही बाजूंना मातीला भेगा पडाव्यात तशा जांभळट रेषा. एकदा ती आरशासमोर उभी राहून त्यांच्यावरून बोट फिरवत होती. मी दारातून म्हणालो, "सुरत ते शिरपूर रस्ता काढलाय वाटतं पोटावर." त्यानंतर कपडे बदलताना तिनं कडी लावायला सुरुवात केली. तेही मी कारखान्यात सांगितलं असणार. आठवत नाही, पण सांगितलंच असणार.

तिच्या अंगाला त्या दिवसांत कसला वास असायचा तो मात्र मला अजून सापडतो. खोबरेल तेल, कैरीची फोड, पोटाच्या रेघांना लावायचं तूप. डाव्या कुशीवरच निजायचं, दोन गुडघ्यांत उशी घ्यायची. उशी कमी पडली म्हणून माझ्या जुन्या पँटी कोंबून तिनं एक लोड शिवला. जळजळ व्हायची म्हणून लोड पाठीला लावून अर्धवट बसून निजायची. भल्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात सुरतेचा लोचो, ढोकळ्याचा मऊ भाऊ, वाफेतून निघायचा, त्याच्यावर तेल आणि शेव पडायची. तिला तो हवा असायचा. आणायला मी धावायचो, हे कबूल. पण येताना चार जणांना सांगत यायचो की आमच्याकडे एक सुरती जन्माला येणार.

तिला आई नव्हती. त्यामुळे माहेरी कुणाकडे जायचं हा प्रश्नच नव्हता. माझी माय शिरपूरहून आली. येताना बाजेचा हा सांगाडा टेम्पोत घालून घेऊन आली, बारडोलीला उतरून डिंकाच्या लाडवांसाठी गूळ घेतला. बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, सगळ्याच्या पुरचुंड्या. खोलीला एकदम आजारपणाचा आणि सणाचा, दोन्हींचा वास यायला लागला. आता फक्त बाज विणायची राहिली.

सगळ्या नऊ महिन्यांत सुनंदानं माझ्याकडे मागितलेली अशी वस्तू एकच. जेवणं झाल्यावर म्हणाली, "अहो, बाजेला सुती नवार आणा. अंगाला बरं वाटतं. आईकडे तशी होती."

मी म्हणालो, "मी पट्टीच्या कारखान्यात काम करतो. लोक काय म्हणतील, याच्या घरी बाहेरची पट्टी?"

मायनं लसूण सोलता सोलता म्हटलं, "तिले सुतीच लई दे रे. खाले शेगडी ठेवनी पडस."

"माय, ही पट्टी ट्रक ओढते."

"तिले कुठे ट्रक ओढना शे," माय म्हणाली.

सुनंदा हसली नाही. मी दुसऱ्या दिवशी पोपटी पट्टीची अख्खी गुंडाळी खांद्यावर टाकून आणली. रंगात डाग पडल्यामुळे बाजूला काढलेला माल. दुपारभर बसून विणली. काय विणली होती. चटईसारखी एकसारखी, टिचकी मारली तर तबल्यासारखी वाजायची. ओळीतल्या सहाही खोल्यांची माणसं बघून गेली. ज्योत्स्नाबेननी हात फिरवून म्हटलं, "सरस छे, पण लपसणी छे," म्हणजे निसरडी. मी म्हटलं, बाळंतीण पळून नको जायला, म्हणून गोधडी घालणार आहोत.

हे सगळं मी परवा नवार पाण्यात भिजत घालताना आठवत होतो. नवी नवार आधी भिजवून, वाळवून घ्यायची, म्हणजे मग आटून ताणत नाही. हे मला आत्ता, साठीला आल्यावर समजलंय. आज दुपारी विणायला बसलो. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मेघा खुर्चीत बसली होती, पाय कोमट मिठाच्या पाण्यात सोडून. तिचे घोटे दिसेनासे झालेत. गेले पंधरा दिवस बघतोय, मायलेकी आतल्या खोलीत बोलत असतात आणि मी दारात आलो की थांबतात. मग दोघींपैकी एक म्हणते, "काही नाही, असंच." मला वाटायचं, बायकांचं काहीतरी असेल.

"पप्पा," मेघा म्हणाली, "बाजेची गोष्ट सांगा ना."

मला कुणी म्हणायचाच अवकाश. नवार खाली ठेवली, रुमाल शोधला, रुमाल धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून दोन टोकं बाजेच्या दांड्याला बांधली. लाडवाऐवजी लिंबू घेतलं. हुशार माणूस आला, पोपटी पट्टी आली, शेगडी आली. लिंबू खाली जायला लागलं. मेघा लिंबाकडे बघत होती. एक हात खुर्चीच्या कडेवर, एक पोटाखाली.

"किती लागलं होतं आईला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "थांब, अजून ज्योत्स्नाबेन यायच्या आहेत."

"नाही, पण नऊच दिवस झाले होते ना माझ्या जन्माला? टाके असणार. मला वरनं खाली बसायचं म्हटलं तरी आत्ता जीव जातो. ती त्या भोकातून वर कशी आली?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चांगलं होतं. पण मेघा हसायच्या तयारीत नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. महिन्याभरानं ती त्याच जागी निजणार होती. मग मी तिला सांगितलं. रुमालाशिवाय सांगताना हातांचं काय करावं ते कळेना.

कारखान्यातले तिघे पेढे खायला आले होते. दुपारची वेळ, खाली ओट्यावर बसलेलो. माय गॅलरीच्या टोकाला नळावर लंगोट धुवत होती. मेघा दुसऱ्या कोपऱ्यात साडीच्या झोळीत झोपलेली. शेगडीतल्या निखाऱ्यांवर माय नुकताच ओवा टाकून गेलेली, खाली तो वास येत होता. मी पोटाला उशी धरून उभा होतो आणि नवव्या महिन्यात सुनंदा कशी चालायची ते करून दाखवत होतो. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, वळताना आधी पोट आणि मग माणूस. तिघंही खुशीत.

एकजण म्हणाला, "काहीतरी जळतंय रे."

मी म्हटलं, "सुरत आहे. कुठंतरी जळतच असतं."

मग वरून हाक आली. "अहो." मोठी नव्हती. माग चालू होते, तरी मला ऐकू आली. मी वर तोंड करून ओरडलो, "आलो." त्यातला एक म्हणाला, "जा की, वहिनी बोलावतायत." मी म्हटलं, "पाणी मागत असेल. शेवट ऐक आधी." आणि मी शेवट सांगितला. जिना उतरताना ती कशी उतरायची, आडवी, कठडा धरून, एकेक पायरी, हे राहिलं होतं. ते पूर्ण केलं. ते हसले. कोण कसा हसला तेही मला आठवतं. तेवढ्यात वरून ज्योत्स्नाबेनचा आवाज आला, "अरे मूआ, ऊपर आव."

सुनंदा बाजेच्या मधल्या भोकात होती. पट्ट्या एकेक करून सुटल्या होत्या, गोधडी खाली लोंबून शेगडीला टेकली होती आणि धुमसत होती. तिनं दोन्ही हातांनी दोन लांब दांडे धरून स्वतःला वर उचलून धरलं होतं. केस तोंडावर. ओरडत नव्हती. ज्योत्स्नाबेन पाणी ओतत होत्या. ओलं फडकं, जळका कापूस, ओवा आणि माझ्या कारखान्याचा वास, सगळं एकत्र. मी तिला काखेत धरून उचललं तेव्हा तिच्या लुगड्याला मागून रक्त होतं. टाके सगळे उसवले होते. डाव्या ढुंगणावर तळहाताएवढं भाजलं होतं, त्यात पोपटी धागे चिकटलेले. दवाखान्यात ते चिमट्यानं काढले आणि टाके पुन्हा घातले. सव्वा महिना ती पालथी निजली. लाडू पालथीनंच खाल्ले. मेघाला पाजायला एका कुशीवर व्हायची तेव्हा दातांत पदर धरायची.

मेघाच्या पायाशी पाणी गार झालं असावं. तिनं पाय काढले नाहीत.

"आणि तुम्ही ही गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगितली?"

"तुझ्या बारशाला," मी म्हणालो. "आलेल्या बायका विचारायला लागल्या, ही पालथी का निजलीय. म्हणून सांगितली. तीन दिवसांनी. खोलीत, तिच्यासमोर. सगळ्या हसल्या."

"आई?"

"ती तोंड भिंतीकडे करून होती."

मी पुढं काही बोलायला हवं होतं. चुकलो म्हणायला हवं होतं. हा शब्द मी आयुष्यात इतक्यांदा, इतक्या नकला करून म्हटलाय की आता तो खरा कसा म्हणायचा ते मला कळेना. वर बघितलं तर सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हाताला पीठ होतं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला ती हाक ऐकूच आली नव्हती," ती म्हणाली. "मागांच्या आवाजात मला तुमचं 'आलो' ऐकू आलं होतं. पण इतकी वर्षं वाटायचं, मलाच भास झाला असेल. माणूस आलो म्हणून येणार नाही कसा."

मी नवार उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ऐकू आली होती," मी म्हणालो.

"मी एकदाच हाक मारली," ती मेघाला म्हणाली, मला नाही. "हे आलो म्हणाले, म्हणून पुन्हा नाही मारली. म्हटलं, येतायत. उगाच कशाला ओरडायचं, खाली माणसं बसलीत. तेवढं दांडे धरून ठेवलं की झालं." तिनं पिठाचे हात पदराला पुसले, जे ती एरवी कधी करत नाही. "तोवर थोडेच सुटले होते टाके. बाकीचे तेवढ्यात गेले."

मी उठायला लागलो. आतापर्यंत मायलेकींचं बोलणं सुरू झालं की मी उठायचो किंवा त्या थांबायच्या, आमच्या घरातला अलिखित नियमच तो. सुनंदा म्हणाली, "बसा. विणा तुम्ही."

मी बसलो. ती मेघाच्या समोर पाटावर बसली, टबातून तिचा एक पाय काढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घोट्यापासून वर दाबायला लागली. बोट उचललं की कातडीवर खळगा राहायचा आणि सावकाश भरायचा. मग तिनं सांगायला घेतलं. कळा कशा येतात, कंबरेतून की ओटीपोटातून. दूध उतरताना ताप भरतो. लघवीला आग होते, तेव्हा वरून कोमट पाणी ओतत राहायचं. पहिल्यांदा शौचाला जायची भीती वाटते. बाळ झाल्यावर रडू येतं आणि का ते कळत नाही. तिला आलं होतं, तेरा दिवस, मला तेही माहीत नव्हतं. मेघा मधे मधे विचारत होती, मी तिथं आहे याचं तिला काही वाटत नव्हतं. मी एक पट्टी वरून, एक खालून घेत होतो. सुती नवार हाताला जड लागते, ओढली की कुरकुरते. एकदोनदा ओठांवर काही आलं. गिळलं.

"आणि हे बघ," सुनंदा शेवटी तिचा दुसरा पाय मांडीवर घेत म्हणाली, "दवाखान्यात असो की इथं घरी. दुखलं, जळलं, कसंतरी वाटलं, की हाक मारायची. नवरा असो, नर्स असो, नाहीतर तुझे पप्पा. आणि कुणी आलो म्हटलं म्हणून थांबायचं नाही. माणूस दारात दिसेपर्यंत मारत राहायची."